तापी विभंग व खानदेशातील भूकंप

सातपुडा पर्वताच्या दक्षिण पायथ्याला लागून, तापी नदीच्या खोऱ्याच्या उत्तर कडेने, पूर्व-ईशान्येकडून पश्चिम-नैर्ऋत्येकडे गेलेला भूकवचातील एक मोठा भंग ‘तापी विभंग’ या नावाने ओळखला जातो. ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक परस्परांच्या सापेक्ष सरकलेले असतात, तिला भूविज्ञानात विभंग म्हणतात. महाराष्ट्रात हा विभंग नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतून, म्हणजे जुन्या खानदेशातून जातो. शहादे, शिरपूर, चोपडे, यावल व रावेर हे तालुके त्याच्या लगत आहेत. मध्य भारताला आडवा छेदणाऱ्या सोन–नर्मदा–तापी या विस्तृत भंगपट्ट्याचा तो दक्षिणेकडील घटक होय.

महाराष्ट्रात भूकंप म्हटले की कोयना व किल्लारी ही नावे पुढे येतात. खानदेशचे नाव सहसा कोणी घेत नाही. येथे धक्के क्वचित जाणवतात व ते बहुधा सौम्य असतात, त्यामुळे हा प्रदेश स्थिर असल्याचा समज रूढ आहे. तथापि द्वीपकल्पीय भारतात विसाव्या शतकात नोंदल्या गेलेल्या प्रमुख भूकंपांपैकी एक १९३८ मध्ये याच पट्ट्यात झाला होता आणि त्याहून कितीतरी मोठा भूकंप गेल्या काही हजार वर्षांत येथे होऊन गेल्याचा पुरावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वरवरची शांतता व खालची हालचाल यांतील हे अंतर हाच तापी विभंगाच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न आहे.

भूरचना : द्वीपकल्पातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. नर्मदा व तापी मात्र पश्चिमवाहिनी आहेत. बेतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावून सु. ७२४ किमी. वाहत तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. तिच्या खोऱ्याची रचना दोन्ही बाजूंस सारखी नाही. गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा या दक्षिणेकडील उपनद्या लांब असून त्या अजिंठ्याच्या व सह्याद्रीच्या डोंगरांतून सावकाश उताराने येतात. उलट सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई या सातपुड्यातून येणाऱ्या नद्या आखूड व वेगवान आहेत. तापीचे पात्रही मैदानाच्या मध्यातून न जाता उत्तरेकडे ओढल्यासारखे सातपुड्याच्या बाजूने जाते. दक्षिणेकडून जमीन हळूहळू उतरत यावी आणि उत्तरेकडे पर्वत एकदम भिंतीसारखा उभा राहावा, ही रचना केवळ नदीच्या झिजेने होणे कठीण. मैदानाचा तळ उत्तरेकडे कलत व खचत गेला असला पाहिजे, असे तिच्यावरून दिसते. चोपडे किंवा यावल येथून सातपुड्याकडे पाहणाऱ्यास हा फरक नकाशावाचूनही कळतो.

खोऱ्यातील मूळ खडक दक्षिण ट्रॅपचा बेसाल्ट हा होय. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्ह्याचे थरावर थर पसरून तो तयार झाला. धुळे, साक्री व नंदुरबार या भागांत या थरांना छेदणाऱ्या भित्ती फार मोठ्या संख्येने आढळतात. भेगेत शिरलेला शिलारस तेथेच थिजून बनलेला उभा पाषाणपट म्हणजे भित्ती. आजूबाजूचा खडक झिजला, तरी कठीण भित्ती टिकून राहतात व मैलोगणती सरळ जाणाऱ्या अरुंद टेकड्यांच्या रांगांसारख्या दिसतात. त्यांपैकी बहुतेकींची दिशा पूर्व–पश्चिम वा तिच्या जवळपासची, म्हणजे विभंगाला साधारण समांतर आहे. लाव्हा वर येण्याच्या काळीही येथील भूकवच उत्तर–दक्षिण दिशेने ताणले जाऊन पूर्व–पश्चिम भेगा पडत होत्या, याचा हा उघड पुरावा आहे.

बेसाल्टाच्याही खाली काय आहे, याचा शोध हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने कृत्रिम स्फोटांच्या तरंगांनी घेतला. नर्मदेच्या उत्तरेकडील थुआदरा येथून सेंधव्यावरून खानदेशातील सिंदाडपर्यंत असा एक छेद या पद्धतीने तपासण्यात आला. त्यात ट्रॅपच्या खाली मध्यजीव महाकल्पातील गाळाच्या खडकांची जाड द्रोणी असल्याचे दिसून आले. लाव्हा येण्यापूर्वीच येथे जमीन खचत होती व त्या खळग्यात गाळ साचत होता, असा त्याचा अर्थ होतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने हाती घेतलेल्या ‘क्रुमनसोनाटा’ या प्रकल्पात सोन, नर्मदा व तापी यांच्या पट्ट्यातील भूकवचाचा गुरुत्वाकर्षण, चुंबकत्व व भूरचना अशा अनेक अंगांनी अभ्यास झाला. सोन व नर्मदा यांच्या दऱ्यांची सरळ रेषा भूविज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाची असल्याचे प्रतिपादन डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९६२ मध्येच केले होते.

गाळाचे आच्छादन : विभंगाच्या अभ्यासातील सर्वांत मोठी अडचण म्हणजे त्याच्यावर पसरलेला गाळ. तापीच्या मैदानातील गाळाची जाडी काही ठिकाणी तीनशे मीटरांहून अधिक आहे. पायथ्याच्या उत्तरेला खडक उघडा दिसतो आणि तेथून थोडे दक्षिणेस आल्यावर विंधनविहीर शेकडो फूट खोल नेली, तरी खडक लागत नाही. ज्या काळ्या व गाळाच्या जमिनीवर खानदेशातील केळी व कापूस पिकतो, तीच जमीन विभंग झाकून टाकते. पाण्याखालील विभंगाशी याचे साम्य आहे. तुर्कस्तानातील मार्मारा हा भूवेष्टित समुद्र उत्तर ॲनातोलियन विभंगावर पसरला आहे. त्याच्या पूर्व टोकाजवळ १९९९ मध्ये इझ्मितचा विनाशक भूकंप झाल्यावर उरलेल्या भागाची स्थिती जाणण्यासाठी समुद्रतळावर भूकंपमापके ठेवून लहान भूकंपांच्या नोंदी घेण्यात आल्या; कारण तेथे भेग डोळ्यांनी पाहता येत नाही, तिचा आवाज तेवढा ऐकता येतो. तापीच्या खोऱ्यात पाण्याऐवजी गाळ आहे, इतकाच भेद. विभंगाची हालचाल फार मंद असल्यामुळे भूपृष्ठावर उठलेली त्याची खूण नांगरट, पूर व नवा गाळ यांनी पुसली जाते, ही येथील आणखी एक अडचण होय.

तरीही काही खुणा उरतात. सातपुड्यातून बाहेर पडणाऱ्या नद्यांनी पायथ्याशी दगडगोटे, रेती व माती यांचे पंखाकृती ढीग टाकले आहेत. ते एकमेकांत मिसळून बनलेल्या सलग पट्ट्याला बझाडा म्हणतात. हा पट्टा सच्छिद्र असल्याने पर्वतावरून येणारे पावसाचे पाणी येथे झपाट्याने मुरते व मैदानातील गाळात जाते. रावेर व यावल तालुक्यांतील केळीच्या बागांना विहिरींतून मिळालेले पाणी पुष्कळ अंशी याच मार्गाने आलेले आहे. उन्हाळी झऱ्यांची रांग ही दुसरी खूण. शहाद्याजवळील उनपदेव, चोपडे तालुक्यात अडावदजवळील उनपदेव आणि पूर्वेस अमरावती जिल्ह्यातील सालबर्डी येथील उष्णोदकाचे झरे सातपुड्याच्या पायथ्याशीच आहेत. अडावदजवळचा झरा शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून निर्माण केला, अशी आख्यायिका आहे. भूवैज्ञानिक स्पष्टीकरण असे, की भेगांतून खोलवर गेलेले पाणी तेथील उष्णतेने तापते व दुसऱ्या भेगेतून वर येते. अशा झऱ्यांचा जागृत ज्वालामुखीशी काही संबंध नसतो. भेगा पाणी वाहून नेण्याइतक्या मोकळ्या आहेत, एवढे मात्र त्यांवरून निश्चित कळते.

१९३८ चा भूकंप : १४ मार्च १९३८ रोजी सकाळी सव्वासहाच्या सुमारास (भारतीय प्रमाण वेळ) सातपुड्यात सु. ६·३ महत्तेचा भूकंप झाला. महत्ता म्हणजे भूकंपाच्या उगमाशी मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप. ती एकाने वाढली, तर ऊर्जा सु. ३२ पटींनी वाढते. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप हे दोन्ही साधारण याच महत्तेचे होते. किल्लारीच्या भूकंपात सु. आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. १९३८ च्या भूकंपाने मात्र फार विस्तीर्ण प्रदेश हादरला, पण महत्तेच्या मानाने नुकसान अल्प झाले आणि त्यामुळेच तो लोकांच्या स्मरणात राहिला नाही.

या फरकाचे कारण खोली हे आहे. किल्लारीचा भूकंप भूपृष्ठाखाली अवघ्या काही किमी. खोलीवर झाला. सातपुड्याच्या भूकंपाचा अभ्यास एस. एम. मुखर्जी यांनी केला व १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या भूकंपाची खोली सु. ४० किमी. मानली जाते. म्हणजे तो भूकवचाच्या तळाशी झाला. उथळ भूकंपाचा तडाखा थोड्या क्षेत्रात एकवटतो. खोल भूकंपाचे तरंग भूपृष्ठापर्यंत येईतो पसरलेले व मंदावलेले असतात. अर्थात ४० किमी. हा आकडा काटेकोर मानता येत नाही. त्या काळी देशातील भूकंपमापन केंद्रे बोटांवर मोजण्याइतकी होती. मुंबईचे कुलाबा केंद्र अपिकेंद्रापासून साडेतीनशे किमी.हूनही दूर होते आणि इतक्या अंतरावरून खोली नेमकी काढता येत नाही. अपिकेंद्राचे स्थान (उगमाच्या थेट वरचा भूपृष्ठावरील बिंदू) सुद्धा निरनिराळ्या सूचींत सारखे नाही. एका गणनेत ते सेंधवा–शिरपूरच्या बाजूस पडते, तर दुसरीत त्याच्या बरेच पूर्वेस, यावलच्या उत्तरेस. दोहोंमधील अंतर सु. ८० किमी. भरते. खानदेशात जवळून नोंद घेणारे एकही उपकरण त्या वेळी नव्हते, ही उणीव पुढील सर्व चर्चेत जाणवत राहते.

भूकवचाच्या तळाशी भूकंप होतो, हे पुष्कळ काळ संशयास्पद वाटत होते. कारण एवढ्या खोलीवर खडक तापून मऊ होतात व तुटण्याऐवजी वाकतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. या शंकेचे निरसन २२ मे १९९७ च्या जबलपूरच्या भूकंपाने (महत्ता सु. ५·८) झाले. किल्लारीनंतर देशात आधुनिक उपकरणांची नवी केंद्रे उभारण्यात आली होती. त्यांच्या नोंदींवरून जबलपूरच्या भूकंपाची खोली सु. ३५ किमी. असल्याचे दिसून आले. सोन–नर्मदा–तापी पट्ट्यात भूकवचाच्या तळापर्यंत खडक ठिसूळ राहतो व विभंग तेथपर्यंत पोहोचलेले आहेत, हे त्यावरून स्पष्ट झाले. याच पट्ट्यात १९२७ मध्ये सोन नदीच्या खोऱ्यात व २३ मार्च १९७० रोजी गुजरातेत भडोच येथेही भूकंप झाले. भडोचचा भूकंप सु. ५·४ महत्तेचा असूनही प्राणहानी करून गेला.

लहान भूकंपांचा अभ्यास : मोठे भूकंप शतकातून एखादा होतो, केवळ त्यांवर विसंबल्यास विभंगाचा अभ्यास होणारच नाही. लहान भूकंप मात्र पुष्कळ होतात. महत्ता एकाने कमी झाली, की भूकंपांची संख्या सु. दहा पटींनी वाढते, असे जगभरच्या नोंदींवरून आढळते. ज्या काळात ६ महत्तेचा एक भूकंप व्हावा, त्या काळात ३ महत्तेचे सु. हजार भूकंप अपेक्षित असतात. त्यांपैकी बहुतेक माणसाला जाणवत नाहीत, पण संवेदनशील भूकंपमापकास जाणवतात.

अशा भूकंपाचे अंतर काढण्याची रीत सोपी आहे. उगमापासून निघणाऱ्या तरंगांपैकी प्राथमिक तरंग वेगाने व द्वितीयक तरंग त्यांच्या मागून येतात. वीज चमकल्यानंतर गडगडाट किती वेळाने ऐकू येतो, त्यावरून जसा विजेच्या अंतराचा अंदाज बांधता येतो, तसाच हा प्रकार होय. भूकवचातील जवळच्या भूकंपासाठी दोन्ही तरंगांच्या आगमनातील प्रत्येक सेकंदामागे सु. ८ किमी. अंतर धरतात. धुळ्यास हा फरक १० सेकंद आला, तर भूकंप धुळ्यापासून सु. ८० किमी.वर झाला, मात्र कोणत्या दिशेस, ते एका केंद्रावरून सांगणे कठीण. तीन केंद्रांवरून तीन वर्तुळे काढली, की ती जेथे मिळतात तेथे भूकंपाचे स्थान ठरते. खोली काढण्यास मात्र केवळ जास्त केंद्रे पुरत नाहीत. ज्या खोलीचा भूकंप मोजावयाचा, साधारण तेवढ्याच अंतराच्या आत किमान एक केंद्र असावे लागते. तसे नसेल, तर ५ किमी. व २५ किमी. खोलीच्या भूकंपांत भेद करणे अवघड जाते. खानदेशात हा भेद कळीचा आहे. उथळ धक्के बेसाल्टातील बारीक भेगांमुळे होऊ शकतात, तर खोल धक्क्यांचा संबंध मूळ विभंगाशी असण्याचा संभव अधिक.

प्रत्येक केंद्रावर पहिला हिसका वरच्या दिशेने बसला की खालच्या, हेही नोंदतात. त्यावरून खडक कोणत्या पातळीवर व कोणत्या दिशेने सरकला, ते काढता येते. मध्य भारतातील पट्ट्यात अशा अभ्यासांतून मुख्यतः दाबाखाली एक बाजू दुसरीवर चढण्याची हालचाल दिसून आली आहे. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असून हिमालय व तिबेट यांच्याशी त्याची टक्कर चालू आहे. त्या टकरीचा दाब हजार किमी. दक्षिणेस खानदेशापर्यंत पोहोचतो, असे त्यावरून म्हणता येते.

उपकरणे कोठे बसवावीत, हा व्यावहारिक प्रश्न तापीच्या खोऱ्यात बराच बिकट आहे. मऊ गाळावर ठेवलेले भूकंपमापक रस्त्यावरील वाहतूक, पाणी उपसणारे पंप व वारा यांच्या कंपनांनी भरून जाते. त्यातच भुसावळसारखे मोठे रेल्वे जंक्शन व दगडांच्या खाणींतील सुरुंग यांची भर पडते. सुरुंगाचा स्फोट व लहान भूकंप यांची नोंद अननुभवी डोळ्यास सारखीच भासते. मात्र स्फोट बहुधा दिवसा व ठराविक वेळी होतात आणि त्यांत पहिला हिसका सर्व केंद्रांवर बाहेरच्या दिशेने येतो. म्हणून केंद्रे शक्यतो सातपुडा व अजिंठा यांच्या उघड्या खडकावर किंवा गाळातून आरपार खोदलेल्या विवरात ठेवणे इष्ट ठरते. देशातील भूकंपांची नोंद राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र ठेवते. राज्यात नासिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी) धरणांच्या परिसरातील भूकंपमापनाचे काम पाहते. जानेवारी २०२३ मध्ये भुसावळ–सावदा परिसरात सौम्य धक्के जाणवले, तेव्हा त्यांची नोंद नासिकच्या उपकरणांवर झाली होती.

भूकंपगुच्छ : काही वेळा एक मुख्य धक्का व त्यामागून उतरत्या क्रमाने दुय्यम धक्के असा प्रकार न होता आठवडेच्या आठवडे लहान धक्क्यांची रांग लागते. तिला भूकंपगुच्छ म्हणतात. खानदेशच्या शेजारी असे गुच्छ अनेकदा आढळले आहेत : १९९० नंतरच्या दशकात खांडवा जिल्ह्यात पंधाना येथे, ऑगस्ट २०१८ मध्ये मेळघाटात साद्राबाडी येथे व २०२० मध्ये सिवनी येथे. याच पट्ट्याबाहेर, पण ट्रॅपच्याच प्रदेशात पालघर जिल्ह्यातील डहाणू–तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून दीर्घकाळ धक्के बसत राहिले. अनेक गुच्छ पावसाळ्यात वा त्यानंतर सुरू होतात. भेगांमध्ये उतरलेल्या पाण्याच्या दाबामुळे आधीच ताणाखाली असलेला खडक सुटतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. कोयनेच्या जलाशयाच्या परिसरात १९६२ नंतर सुरू झालेल्या भूकंपांचा उलगडाही साधारण याच तत्त्वाने करतात. तापीवर १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा जलाशय नंदुरबार जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत पसरतो. तेथे मात्र कोयनेच्या तोडीचा भूकंप झालेला नाही.

असे गुच्छ उद्‌भवले, की दोन परस्परविरोधी समजुती पसरतात. एक, आता मोठा भूकंप येणार. दुसरी, लहान धक्क्यांनी ताण ओसरून मोठा भूकंप टळला. पहिलीला सर्वसाधारण आधार नाही, कारण बहुतेक गुच्छ आपोआप विरतात. दुसरी तर गणितानेच खोटी ठरते. ६ महत्तेच्या एका भूकंपाची ऊर्जा बाहेर पडण्यास ४ महत्तेचे सु. हजार किंवा २ महत्तेचे सु. दहा लाख भूकंप व्हावे लागतील.

प्राचीन भूकंपाचा पुरावा : लहान भूकंपांवरून विभंग जागा आहे, हे कळते, त्यावर जास्तीत जास्त केवढा भूकंप होऊ शकेल, ते कळत नाही. त्यासाठी भूपृष्ठावरील जुन्या खुणांकडे वळावे लागते. केंब्रिज विद्यापीठातील ॲलेक्स कॉप्ली व त्यांच्या भारतीय आणि अन्य सहकाऱ्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या पंखाकृती गाळाची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या गाळाचा पृष्ठभाग काही ठिकाणी एका पायरीने तुटलेला असून पायरीच्या दोन्ही बाजूंच्या पातळीत फरक आहे. नदीच्या झिजेने असा फरक पडण्याजोगा नाही. विभंग भूपृष्ठापर्यंत फाटून उत्तरेची बाजू दक्षिणेच्या बाजूवर चढली असली पाहिजे. तुटलेला पृष्ठभाग भूवैज्ञानिक दृष्ट्या अगदी अलीकडचा, गेल्या सु. ११,७०० वर्षांतील आहे. पायरीच्या मापांवरून त्या काळात ७·६ ते ८·४ महत्तेचा एक वा अधिक भूकंप येथे झाला असावा, असा त्यांचा अंदाज आहे. या श्रेणीतील खालचा आकडा घेतला, तरी १९३८ च्या भूकंपापेक्षा त्याची ऊर्जा सु. ९० पट भरते.

या संशोधनातून विभंगाचा पूर्वेतिहासही उलगडला. मध्यजीव महाकल्पात भूकवच ताणले जात असताना याच भेगेवर उत्तरेकडील भाग खाली गेला व तेथे गाळाची द्रोणी बनली. ट्रॅपखाली सापडलेले गाळाचे खडक हा त्याचाच पुरावा. पुढे ताणाऐवजी दाब सुरू झाला, तेव्हा नवी भेग पडण्याऐवजी जुनीच भेग उलट दिशेने सरकू लागली. तिच्या दक्षिणेकडील भाग खाली दबत गेला आणि मध्य भारतातील पाण्याचा काही ओघ त्या खोलगट भागाकडे वळून पश्चिमवाहिनी तापीचे मोठे खोरे तयार झाले, असे या संशोधकांचे मत आहे. ते मान्य केल्यास खानदेशचे मैदान आणि त्यातील नदी ही दोन्ही विभंगाचीच निर्मिती ठरतात. तापीची दरी ही साधी खचदरी आहे, या पाठ्यपुस्तकी विधानास त्यामुळे बरीच मुरड घालावी लागते.

असा भूकंप पुन्हा केव्हा होईल, ते सांगता येत नाही. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीत द्वीपकल्पाच्या अंतर्भागातील विकृती अत्यल्प आढळते. उदाहरणादाखल वर्षास १ मिमी. एवढी हालचाल एकाच विभंगावर साठत असल्याचे मानले, तरी ५ मी. सरकण्याइतका ताण साठण्यास ५,००० वर्षे लागतील. गॅझेटियर, बखरी किंवा लोककथा यांत त्याची आठवण न सापडणे म्हणूनच स्वाभाविक आहे. हालचालीचा पुरावा मिळालेल्या भागाच्या पूर्वेस, बऱ्हाणपूर व गाविलगडच्या दिशेस विभंग पुढे चालू राहतो. तेथील धोका लक्षणीय असल्याचे याच संशोधकांनी नमूद केले आहे.

संभाव्य हानी : भारतीय मानक १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत तापीचे खोरे तिसऱ्या भूकंप विभागात दाखविण्यात आले. त्या आवृत्तीनुसार या विभागात बांधकामाचे अभिकल्प करताना गुरुत्वत्वरणाच्या ०·१६ पट हा गुणक धरावयाचा होता. मध्यम भूकंपाच्या दृष्टीने ही तरतूद वाजवी होती. परंतु ती दीर्घ काळाने उद्‌भवणाऱ्या मोठ्या भूकंपासाठी केलेली नव्हती. शिवाय जाड गाळामुळे कंपनांची तीव्रता वाढते. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपाचे केंद्र तीनशे किमी.हून दूर असतानाही तापीच्याच गाळावर वसलेल्या सुरतेत इमारत कोसळून माणसे दगावली, हे उदाहरण खानदेशातील जळगाव, भुसावळ, अमळनेर यांसारख्या वाढत्या शहरांना लागू पडते. जुन्या गावांतील धाब्याच्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. मातीच्या जाड धाब्याने उन्हाळ्यात घर थंड राहते, पण पावसाळ्यागणिक वर नवी माती टाकल्याने छताचे वजन वाढत जाते. किल्लारीस दगडमातीच्या भिंती व माळवदांचा भार यांखाली सापडूनच बहुतेक बळी गेले. धाब्याचा भार लाकडी खांब व तुळया यांनी पेललेला असेल आणि त्यांचे सांधे मजबूत असतील, तर भिंत ढासळली तरी छत तग धरू शकते. तो केवळ भिंतीवर असेल, तर धोका मोठा असतो.

विभंगाची नेमकी जागा ठरविण्याची गरज आता पाण्याच्या निमित्तानेही निर्माण झाली आहे. रावेर–यावल भागातील भूजलाची पातळी उपशामुळे खालावत गेल्याने पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात तापीचे पावसाळी पाणी मुरविण्याची ‘तापी महाकाय पुनर्भरण’ योजना आखण्यात आली व तिच्यासाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या राज्यांत करार झाला. पाणी मुरण्यास सर्वांत योग्य असा हा पट्टा विभंगाच्या रेषेलगतचाच आहे. त्यामुळे तेथील खडकाची खोली, गाळाची जाडी व भेगांची दिशा यांविषयी योजनेसाठी गोळा होणारी माहिती भूकंपाच्या अभ्यासासही उपयोगी पडणारी आहे. पाणी मुरविणे सुरू होण्यापूर्वीच पायथ्याच्या खडकावर भूकंपमापके बसवून काही वर्षांच्या नोंदी घेतल्यास नैसर्गिक धक्के व पाण्याच्या दाबाने झालेले धक्के यांत पुढे भेद करता येईल. कोयनेस जलाशय भरण्यापूर्वीच्या अशा नोंदी पुरेशा नसल्याने तेथील वाद दीर्घकाळ चालू राहिला.